घरात काय हाय ते दाखव

मावशीच्या मंगेशदादाचा फोन आला तेव्हा मी खामगावात छापखान्यात उभी होते आणि हातात एका पत्रकाचं प्रूफ होतं. "क्रांती, आई गेली," एवढंच तो म्हणाला... मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला, त्याच्या घरातल्या की छापखान्यातल्या ते कळेना. मी प्रूफ खाली ठेवलं, पुन्हा उचललं, एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली. का केली, ते अजून सांगता येत नाही. मग मेहकरच्या गाडीत बसले. जानेफळला उतरून पुढे तीन किलोमीटर आत मावशीचं गाव. तो रस्ता मी लहानपणापासून चाललेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा तो संपू नये असं वाटलं. घरात गेले तेव्हा पुढच्या खोलीतल्या टेबलावर चहाचे कागदी कप, तीन-चार मोबाइल, कुणाची तरी टोपी, असं सगळं पसरलेलं होतं. त्या टेबलाला मी कधीच तसं पाहिलं नव्हतं. मावशीला शेवटचं पाहण्याआधी माझं लक्ष टेबलाकडे गेलं, याची मला लाज वाटली. आता दीड महिन्यानंतर वाटत नाही. तिला पाहायचं तर आधी टेबलाकडेच पाहावं लागतं.

शकूमावशी, म्हणजे शकुंतला, माझ्या आईची थोरली बहीण. काका आणि ती मिळून वांगी, मिरची, गवार आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचे. शिक्षण सातवीपर्यंत. आजूबाजूच्या चार गावांत ती ओळखली जायची ती 'टेबलावरचं' करणारी बाई म्हणून. मुलगी बघायला पाहुणे येणार असोत, शाळेतल्या गुरुजींचा निरोप समारंभ असो, कुणाच्या नातवाचा वाढदिवस असो, आदल्या दिवशी निरोप यायचा, "शकूबाई, टेबलावरचं काही करून द्या ना वो." ती जायची. पण सोबत काय न्यायची? कात्री, सुतळीचा गुंडा आणि एका वाटीत कणकेची खळ. बस्स. बाकीचं ज्याचं टेबल त्याच्याच घरातून. हा तिचा कायदा होता. शेजारणीकडून मागायचं नाही, बाजारातून आणायचं नाही, स्वतःच्या घरचं न्यायचं नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याबरोबर अनसूयाबाईकडे गेले होते. अनसूयाबाई म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारी, मजुरीला जाणारी बाई. तिच्या थोरलीला पाहायला दुपारी पाहुणे यायचे होते, आणि तिनं शाळेतून एक टेबल उसनं आणून ठेवलं होतं. टेबलाशेजारी ती रडकुंडीला येऊन उभी.

"घरात काय हाय ते दाखव," मावशी म्हणाली.

"काहीच नाही वो शकूबाई आमच्या घरात."

"काहीच नाही असं घर नसते. सरक."

आणि ती सरळ आत गेली. पोचे पडलेला पितळी लोटा घेतला, चिंचेनं लखलखीत घासला आणि पोचा भिंतीकडे करून ठेवला. चुलीजवळच्या पऱ्हाट्यांमधून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांमधून, दोन फांद्या निवडल्या. कापूस वेचून झाला की बोंडाची टरफलं उघडीच राहतात, लाकडात कोरलेल्या फुलासारखी. जळणात रोज जाणारी ती वस्तू इतकी देखणी आहे हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मक्याच्या कणसांची सालं पाण्यात भिजवून, हळदीत बुडवून तिनं त्यांच्या पाकळ्या केल्या. ज्वारीची चार कणसं, परातीत लाल मिरच्यांचं रिंगण, मधोमध लोटा. खाली जुन्या लुगड्याचा काठ खळ लावून पट्टीसारखा. अनसूयाबाई दारात उभी राहून स्वतःच्याच घराकडे परक्यासारखी बघत होती. "हे आमचंच हाय काय वो?" तिनं विचारलं. मावशी म्हणाली, "नाही, तहसीलदाराचं हाय. तोंड धू आता, पाहुणे येतीन."

पाहुणे गेले तसे मावशीनं ते सगळं काढायला घेतलं. मिरच्या बरणीत, ज्वारीची कणसं पोत्यावर, फांद्या चुलीपाशी, लोटा माठावर. मी रडायला लागले. "मावशे, मोडून काऊन राह्यली?" ती म्हणाली, "मोडून नाही राह्यलो वो माय. जागेवर ठेवून राह्यलो." अनसूयाबाईनं दोन दिवस राहू द्या म्हटलं तर तिलाही तेच, "कायले? रात्री पाणी कशानं पेशीन?" तिच्या हातचं काहीही कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं नाही. तिनंच टिकू दिलं नाही. आज मला त्याचा राग येतो...

माझं घर वेगळ्या घडणीचं. बाबा तेल गिरणीत कामाला आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहिणारे. आमच्याकडे खुर्च्या नव्हत्या. पत्रकांचे गठ्ठे होते आणि आम्ही त्यांवर बसायचो. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. माझं नावसुद्धा एखाद्या पत्रकातून उचलल्यासारखं. मावशी मला 'करांते' म्हणायची आणि बाबांना चिडवायची, "भाऊजी, पोरीचं नाव ठेवलं का मथळा देला?" बाबा हसायचे. मी हसायची नाही. मला वाटायचं, ही बाई चांगली आहे, पण हिचं काम म्हणजे गरिबीला काठ लावणं. ज्या घरात मुलीला पाहायला येणाऱ्यांसमोर पोचा लपवावा लागतो, तिथं पोचा लपवू नये, पाहणाऱ्यांना हाकलावं. हे मत माझं आजही आहे. व्यासपीठावरची ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गुच्छांची रांग, नाव पुकारून एकेकाच्या हातात देऊन पाच मिनिटांत खुर्चीखाली जाणारी, तिचा मला तेव्हाही संताप यायचा आणि आताही येतो. फक्त त्या रांगेत मी मावशीला बसवलं, ही माझी चूक. आणि ती चूक मी चारचौघांत केली.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मावशीच्या गावच्या मुली शिकायला जायच्या त्या जानेफळपर्यंत पायी, कारण सकाळची गाडी गावच्या फाट्यावर थांबत नव्हती. थांबा मंजूर व्हावा म्हणून मी बायकांची सभा ठरवली, आणि आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. पूर्ण एक पान. त्यात 'एल्गार' होता, 'साखळदंड' होते, 'धगधगते' तर दोनदा होतं. आदल्या दिवशी गठ्ठा मावशीकडे ठेवला. तिनं पान हातात घेऊन बोट फिरवत सावकाश वाचलं आणि विचारलं, "हे एल्गार म्हंजे कोणतं गाव वो?" मी चिडून म्हटलं, "गाव नाही मावशे, हल्ला!" "मंग गाडी कुठी हाय याच्यात?" तिनं विचारलं. गाडी चौथ्या परिच्छेदात होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत गेले तर टेबल सजलेलं. लोटा शाळेचा, घंटेच्या खोलीतला. खडूच्या रिकाम्या खोक्यांवर तुरीच्या काड्या उभ्या केलेल्या, आणि प्रत्येक काडीवर पांढरं, काळ्या अक्षरांचं फूल. पाच पाकळ्यांचं, सुतळीच्या एका धाग्यानं बांधलेलं. जवळ गेल्यावर कळलं, ती माझी पत्रकं होती. पंचवीस-तीस तरी असतील. खोली बायकांनी भरलेली होती, आणि सगळ्या त्या टेबलाकडे बघत होत्या. माझ्या अंगाची आग झाली. मी घरी कधी बोलत नाही अशा पुस्तकी मराठीत म्हणाले, "मावशी, हे आधी काढ. ही सभा आहे, हळदीकुंकू नाही. आमचे शब्द म्हणजे तुझा शोभेचा कागद नाही."

कुणीतरी मागून फिसकन हसलं. मावशी उठली. "हाव, तुह्यं बरोबर हाय," म्हणाली. एकेक फूल तिनं पदरात घेतलं, लोटा उचलला, खोकी उचलली, आणि पदर सावरत दाराशी जाऊन बसली. मी रिकाम्या टेबलावर मूठ आपटून पाऊण तास बोलले. सभा संपल्यावर पाहिलं, तर ती दारात उभी राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात एक फूल देत होती, कानाशी काहीतरी पुटपुटत होती. मी नजर वळवली. मला वाटलं, आता ही वाण लुटतेय! मी वाटलेली पत्रकं बायका बसल्या होत्या तिथंच पडली होती. काहींची घडी घालून लेकरांचं नाक पुसलेलं होतं. ती मी गोळा केली आणि चुलीपुढे बसलेल्या मावशीकडे न बघता जेवले. तिनं मला वांग्याची भाजी वाढली, वर तेलाची तर्री जास्त, मला आवडते तशी. त्या दिवसाचं नाव तिनं पुढे कधी काढलं नाही. मीही नाही.

पंधरा दिवसांनी फाट्यावर एसटीच्या साहेबांना निवेदन द्यायचं ठरलं, तेव्हा मला वाटलं होतं दहा बायका येतील. चाळीसच्या वर आल्या, आणि बऱ्याच जणींच्या हातात माझं पत्रक होतं! चुरगळलेलं, आडव्यातिडव्या घड्या पडलेलं, पण जपून ठेवलेलं. साहेबांची गाडी थांबवून बायकांनी त्यातलं एक त्यांच्या हातात दिलं. पुढे काही महिन्यांनी थांबा मंजूर झाला. मी त्या घड्यांकडे पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, कमरेला खोचून आणलेत बायकांनी. केवढा अभिमान वाटला होता! बाबांना सांगितलं, "बाबा, शब्द पोचतात." ही गोष्ट मी नंतर कितीतरी सभांमध्ये सांगितली आहे. टाळ्याही घेतल्या आहेत.

त्यानंतर मावशीनं माझ्या एकाही सभेच्या टेबलाला हात लावला नाही. यायची, मागे बसायची, भुईमुगाच्या शेंगा सोलत ऐकायची. इतरांचं करायची. अनसूयाबाईच्या धाकटीच्या वेळी केलं, ती नर्सिंगला लागली तेव्हा केलं, दवाखान्यातल्या बाई बदलून गेल्या तेव्हा केलं. मी घरी गेले की तिच्या स्वतःच्या टेबलावर काहीतरी असायचंच. कधी ताटलीत पाणी आणि वर कांद्याची फुलं, कधी दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्यांचं विणलेलं बसकण, कधी काकांच्या फुटक्या चष्म्याच्या काचेखाली मेथीचं एक पान. मी येईपर्यंत असायचं आणि जेवायच्या वेळेला नसायचं. मला किती वेळा म्हणावंसं वाटलं, मावशे, माझ्या टेबलासाठी कर... पण तसं म्हणायचं तर आधी दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं, आणि जिभेवर 'एल्गार' सहज येणाऱ्या मला ते साधं वाक्य येत नव्हतं.

शेवटची भेट या वर्षी, ती जाण्याच्या तीन आठवडे आधीची. तिला दम लागायचा. डॉक्टरांनी चालणं बंद केलं होतं. ती पलंगावर बसून कणसाची सालं सोलत होती. मी निघताना तिनं सहज विचारलं, "करांते, तुह्या सभेत टेबल अजून रिकामंच रायते काय वो?"

"हाव."

"बोडकं दिसते."

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात आमच्याकडे बैठक आहे, कापसाच्या जिनिंगमधल्या बायकांची. तू ये मावशे. टेबल तुह्यं." तिनं सालं बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता ती त्या दिवसाचं काही बोलेल. ती म्हणाली, "तुह्या घरात काय हाय?"

"पत्रकं," मी म्हटलं. दोघी हसलो. हसता हसता तिला खोकला आला.

"ते त मले माहीत हाय. अजून काय हाय?"

ज्या घरात मी वाढले, त्यातल्या चार वस्तू मला आठवेनात. "पाह्यून ठेव," ती म्हणाली. "मी येतो मंग." आमच्याकडे बायकाही 'येतो' म्हणतात. ते 'येतो' अजून माझ्या कानात आहे, आणि ते खोटं ठरलं यात तिचा काही दोष नाही.

तेरवीला मी गेले ती एक वस्तू शोधायला. तिच्या हातचं काहीही चाललं असतं, मक्याची एक पाकळीसुद्धा. काकांना विचारलं. ते म्हणाले, "कुठलं वो बाई, ते संध्याकाळपर्यंत ठेवत होती काय काही?" कोनाडे पाहिले, पेटी पाहिली. कात्री होती, सुतळीचा गुंडा होता, खळीची वाटी स्वच्छ धुऊन पालथी होती. सगळं जागेवर. चाळीस वर्षं जिनं गावभर टेबलं सजवली, तिच्या मागे एक फूल उरू नये? मी अनसूयाबाईकडे गेले. आता ती थकली आहे, दारातच बसून असते. मी काय शोधतेय ते ऐकल्यावर तिनं नातीला हाक मारून डब्यातून एक कागद आणायला सांगितला. माझं पत्रक. पिवळं पडलेलं, आडव्यातिडव्या घड्या असलेलं.

मी म्हटलं, "हे तुम्ही अजून ठेवलं? कमरेला खोचून आणलं होतं ना?"

"कमरेले कायले खोचू?" अनसूयाबाई म्हणाली. "फूल होतं न ते. तुह्या सभेतलं. शकूबाईनं हातात देलं अन् म्हणे, आठ दिवस घरात दिसन असं ठेव. मंग उकल अन् पोरीकडून वाचून घे. आम्हाले कुठी वाचता येते? फूल होतं म्हणून ठेवलं. कागद असता त पोट्ट्यानं फाडला असता."

मी तिथंच ओसरीवर बसले. "आत काय लिहिलं होतं ते पोरीनं वाचून दाखवलं?" मी विचारलं. ती हसली, बोळक्या तोंडानं. "आत लय होतं, पोरगी थकली. पण वरतंच दिसे न, पाकळीवर. गाडी आमच्या फाट्यावर थांबली पाहिजे. ते तं आम्हाले आठ दिवसांत पाठच झालं."

मी कागद उजेडात धरला. खरंच. घड्या अशा पडल्या होत्या की 'एल्गार', 'साखळदंड', दोन्ही 'धगधगते' पोटात जात होते आणि चौथ्या परिच्छेदातली ती एक ओळ पाकळीच्या टोकाशी बाहेर येत होती. कात्री लावलेली नव्हती, खळ लावलेली नव्हती. उकलल्यावर अख्खं पत्रक परत मिळावं म्हणून. तिच्या कायद्याप्रमाणं वस्तू जागेवर गेली होती, जिथं मला ती पोचवता आली नव्हती. आणि मी तिला सांगितलं होतं की आमचे शब्द म्हणजे तुझा शोभेचा कागद नाही... अनसूयाबाई म्हणाली, "घेऊन जा. तुह्या कामाचं हाय." ते घेऊन मी खामगावला आले. गाडीत तो कागद मांडीवर होता आणि बाहेर काय काय गेलं ते मला आठवत नाही.

बैठक ठरल्या दिवशीच झाली. आदल्या दुपारी मी आईला म्हटलं, "घरात काय हाय ते दाखव." आई डोळ्याला पदर लावून आत गेली. काय होतं आमच्या घरात? आजोळहून आलेला आईचा तांब्या होता, त्याची जोडी मावशीच्या घरी. गठ्ठे बांधायची सुतळी होती. बाबांचा गिरणीतला तेलकट, निळा रुमाल होता, धुऊन धुऊन विरलेला. आईनं कुंडीत लावलेला ओवा होता, ज्याच्याकडे मी कधी पाहिलं नव्हतं. रुमाल अंथरला, वर तांब्या ठेवला, ओव्याची पानं खोचली. मग तो कागद घेतला. घड्यांना सगळं आठवत होतं. माझी बोटं नुसती त्यांच्या मागे गेली. पहिली पाकळी मिटली, दुसरी, तिसरी... कागद स्वतःच वळत होता, जणू पलीकडून कुणी धरलंय. पण शेवटची घडी मला साधेना. एक वळण असं आहे की तिथं तीन रेघा एकत्र येतात, आणि त्यातली आधी कोणती घ्यायची ते तिलाच माहीत होतं. मी तीनदा उकललं, तीनदा केलं. गाडीची ओळ आतच राहते. शेवटी तसंच धाग्यानं बांधलं आणि ठेवलं.

बैठकीला बायका आल्या, बोलल्या, भांडल्या, पुढचं ठरलं. निघताना जिनिंगमधली एक नवी पोर टेबलाशी रेंगाळली. अठरा-एकोणीसची असेल. "ताई, हे फूल मी नेऊ काय?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. ते एकच होतं, आणि दुसरं कधी मिळणार नव्हतं. टेबलाच्या पलीकडे आई उभी होती. मी फूल टेबलावरून उचललं आणि त्या पोरीच्या हातात दिलं. "आठ दिवस घरात दिसेल असं ठेव," मी म्हणाले, "मंग उकल अन् वाच." पुढे 'आत लय आहे, कंटाळू नको,' हेही म्हणाले. ती हसली.

मग ओव्याची पानं आईनं चहात टाकली. रुमाल बाबांनी खांद्यावर घेतला. तांब्या माठावर गेला, आणि पहिलं पाणी मीच प्यायले. टेबल रिकामं झालं. फक्त विरलेल्या रुमालातून झिरपलेलं, तांब्याच्या बुडाचं एक ओलं, गोल वळं तिथं राहिलं होतं. आई फडकं घेऊन आली. मी म्हटलं, "राहू दे. वाळेल." आम्ही दोघी ते वाळेपर्यंत तिथं बसलो.